दमसास

माझ्या वरच्या ओठाच्या मधोमध उमटलेला गोल लाल वळ आईला पहिल्यांदा दिसला तो भाकरी वाढताना. तिनं काही विचारलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली, स्टोव्हची हवा कमी केली आणि परत एकदा माझ्याकडं पाहिलं. आमच्या घरात कुणी कुणाला सरळ विचारत नसे. आधी पाहायचं, पाहिलेलं मनात ठेवायचं, आणि पुरेसं साठलं की समोरच्याच्या पुढ्यात एकदम ओतायचं, अशी रीत होती. त्या दिवशी तिनं माझ्या ताटात हिरव्या मिरचीचा ठेचा नेहमीपेक्षा जास्त वाढला आणि समोरच बसून राहिली. पहिल्याच घासाला ओठ असा चरचरला की डोळ्यांत पाणी आलं. "तिखट हाय का?" आई म्हणाली. मी म्हणाले, "नाय." ती म्हणाली, "मग खा की." मी खाल्लं. ती माझ्या ओठाकडं बघत राहिली.

तेव्हा आम्ही हर्सूलला राहायचो, तुरुंगाच्या भिंतीपासून फार लांब नाही. शहराला औरंगाबाद म्हणायचे. माझ्या तोंडी अजून तेच येतं, पत्त्यात मात्र मी नवं नाव लिहिते. तुरुंगातले टोले हेच आमचं घड्याळ होतं, कारण घरातलं घड्याळ शेजारचं पोरगं येऊन मागं करून जातं असं दादांचं म्हणणं होतं. दादा म्हणजे माझे वडील, गौतम. वाळूजच्या एका कंपनीत कामाला होते. आई सरकारी दवाखान्यात आया होती. मला भावंडं नव्हती, त्यामुळं घरातला सगळा संशय आम्हा तिघांतच वाटला जायचा. दादा कंपनीतून उशिरा आले की आई त्यांच्या श्वासाचा वास घ्यायची. आई दवाखान्यातून डबा न धुता आणायची, तर दादा विचारायचे की आज डबा कुणासोबत खाल्ला. मी अकरावीत गेले आणि माझाही नंबर लागला.

ओठावरचा तो वळ बघून आईच्या मनात काय आलं असेल हे सांगायला नको. सोळा वर्षांची पोरगी, दुपारचं कॉलेज सुटल्यावर दीड तास कुठं असते माहीत नाही, संध्याकाळी बघावं तर ओठ सुजलेला आणि तोंड लाल. तिनं माझी पिशवी तपासली. ओढणीचा वास घेतला. वह्यांची शेवटची पानं उलटून पाहिली, कारण मुली नावं शेवटच्या पानावर लिहितात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मग एका रात्री तिनं माझ्या वेण्या सोडता सोडता हळूच विचारलं, "कोण हाय तो?" मी म्हणाले, कुणी नाही. ती म्हणाली, "कुणी नाय तर ओठ काय भिंतीनं चावला?" खरं सांगणं मला पोराचं नाव सांगण्यापेक्षा अवघड वाटत होतं.

खरं असं होतं की दादांचं ट्रंपेट कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेलं होतं आणि त्याला हात लावायची घरात बंदी होती. ते मी रोज दुपारी काढायचे, पिशवीत घालून हर्सूलच्या तळ्याकाठी न्यायचे, बाभळींच्या मागं बसून वाजवायचे आणि दोघं घरी यायच्या आत परत गुंडाळून ठेवायचे. का, ते मला नीट सांगता येत नाही. लहानपणी दादा घरात रियाज करायचे तेव्हा भांडी वाजायची. पितळी तांब्या फळीवर थरथरायचा. तो आवाज घरातून गेल्यावर घर फार शांत झालं होतं आणि त्या शांततेत आम्ही तिघं एकमेकांवर जास्तच नजर ठेवायला लागलो होतो. एवढंच मला आठवतं.

मधल्या सप्तकातले सूर मला लवकर यायला लागले. तिढा होता तो टिपेचा. वरच्या सा ला बँडमध्ये टीप म्हणायचे. लग्नात नवरदेव मांडवाच्या दाराशी पोचतो तेव्हा पहिला ट्रंपेट टिपेला जातो आणि तिथं थांबतो, नाचणाऱ्यांचं समाधान होईपर्यंत. दादा तसे थांबायचे. मी मात्र टिपेच्या खालीच दोन सूर अडकायचे. ट्रंपेट ओठावर जोरात दाबलं की एखाद वेळी वरचा सूर चिरकत निघायचा, पुन्हा दाबलं की तोही नाही. मग ओठ बधिर व्हायचा आणि खालचे सूरसुद्धा फुसकुलीसारखे निघायचे. तो लाल वळ म्हणजे माउथपीसच्या कडेचा ठसा होता.

एक दिवस आई दवाखान्यातून लवकर सुटून माझ्या मागं आली. कॉलेजच्या फाटकापासून घरापर्यंत आणि घरापासून तळ्यापर्यंत, बऱ्याच अंतरानं. मला पत्ताच नव्हता. मी दोन-तीन सूर वाजवले, मान वर केली तर बाभळीशेजारी आई उभी, हातात चप्पल. तिनं आधी माझ्या मागं पाहिलं, मग झाडांच्या मागं पाहिलं, मग तळ्याच्या उतारावर जाऊन खाली वाकून पाहिलं. कुणी नाही याची खात्री झाल्यावर चप्पल पायात घातली आणि खाली बसली. "हे हाय व्हय," ती म्हणाली. मग म्हणाली, "ह्याच्यापरीस पोरगा परवडला असता. बापाला काय सांगू आता मी?"

पण दादांना सांगायची गरजच पडली नाही. त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर त्यांनी कपाटावरची चादर खाली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "ही गाठ माझी नाय. दिवाळीपास्नं ही गाठ माझी नाय." म्हणजे इतके महिने त्यांना माहीत होतं आणि ते नुसते बघत होते. आईला याचा जास्त राग आला. पोरीचा ओठ सुजलेला बघून आपण झुरत होतो आणि हा माणूस गाठी बघत बसला होता. दोघांचं त्यावरून वाजलं. माझ्याकडं कुणाचं लक्षच राहिलं नाही.

दादांनी ट्रंपेट का गुंडाळून ठेवलं होतं ते इथं सांगायला हवं. शहागंजमध्ये युसूफमास्टरांचा बँड होता. दादा तिथं पहिला ट्रंपेट वाजवायचे, माझ्या जन्माच्या आधीपासून. कंपनीतली पाळी सांभाळून लग्नसराईत रोज. मग मास्टरांचा भाचा अस्लम बँडमध्ये आला. तेव्हापासून दादांना टीप कमी लागायला लागली, आणि त्यांच्या मनात आलं की आपल्या माउथपीसला कुणीतरी काहीतरी लावतं. ते माउथपीस काढून खिशात ठेवायला लागले. दुकानातला चहा बंद केला, पाणीसुद्धा घरून न्यायला लागले. शेवटी एका मोठ्या लग्नात, भर रस्त्यात, दादा टिपेला गेलेले असताना मास्टरांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि अस्लमकडं बोट केलं. पुढचं सगळं अस्लमनं वाजवलं. दादा मिरवणूक संपेपर्यंत ट्रंपेट काखेत धरून चालत राहिले, घरी आले आणि परत कधी शहागंजला गेले नाहीत. काही महिन्यांनी त्यांचा समोरचा वरचा दात पडला. त्याचासुद्धा दोष त्यांनी दुकानातल्या चहालाच दिला.

त्या भांडणानंतर बंदी उरली नाही; दादा मला शिकवायला लागले ते त्यांच्याच पद्धतीनं. "दाब," म्हणायचे. "वरचा सूर फुकट मिळत नाय. ओठाला कळलं पायजे." मी दाबायचे. ओठ आतून दाताला लागून फाटायचा. आई रात्री साजूक तूप लावायची आणि दादांकडं बघून काहीतरी पुटपुटायची. हल्ली माझ्याकडं शिकायला येणारी मुलं मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात, आठवड्यात वरचे सूर मिळवून देतो म्हणणारा कुणी गोरा माणूस, मान ताणलेली, गाल लाल. मी त्यांना तो व्हिडिओ आवाज बंद करून बघायला सांगते आणि विचारते, ह्या माणसाला आत्ता दुखतंय का? मुलं बघतात आणि म्हणतात, हो मॅडम, दुखतंय. मग मोबाईल ठेवतात. मला तेव्हा असं विचारणारं कुणी नव्हतं.

युसूफमास्टर आमच्या घरी आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. फुलंब्रीकडचं लग्न आटोपून त्यांचा टेम्पो शहराकडं परतत होता. हर्सूलच्या तळ्याजवळ त्यांनी माझं वाजवणं ऐकलं, टेम्पो थांबवला, आवाजाच्या मागं आले आणि माझ्या आधी त्यांनी ट्रंपेट बघितलं. पांढरी दाढी, अंगात बँडचा लाल कोट, सोनेरी झालर निघालेली. "ये गौतम का बाजा है," ते म्हणाले. मग मराठीत, "तू गौतमची कोण?" मी सांगितलं. तर सरळ माझ्यासोबत घरी आले. दादा दारात उभे राहिले आणि त्यांना आत या म्हणाले नाहीत.

"गौतम, पोरीचा ओठ बघितला का तू?" मास्टर बाहेरूनच म्हणाले.

"बघितलाय. माझ्याच घरात राहते ती."

"असंच वाजवत राहिली तर दोन वर्षांत ओठ संपेल. माझ्याकडं पाठव."

"कशाला?"

"शिकवतो."

"तेच विचारतोय. कशाला?"

मास्टरांनी माझ्या ओठाकडं एकदा बघितलं. टोपी नीट केली आणि गेले. दादा ती रात्र अंगणात येरझारा घालत होते. त्यांच्या डोक्यात एकेक शक्यता येत होती आणि ते ती आईला खिडकीतून सांगत होते. त्याला आपलं ट्रंपेट पाहिजे असेल. त्याला पोरगी लग्नांत नाचवायची असेल, पोरगी ट्रंपेट वाजवते म्हटल्यावर गर्दी होईल. नाहीतर त्याला भाच्याच्या वाटेत कुणी नको असेल आणि तो पोरीचा ओठ मुळातूनच बिघडवून ठेवेल. आई शेवटी म्हणाली, "ओठ तर तुमीच बिघडवलाय. आता त्यानं काय बिघडवायचा राहिलाय?" सकाळी दादांनी ठरवलं की मी जायचं, पण सोबत ते येणार आणि शिकवणी चालू असेपर्यंत तिथंच बसणार.

शहागंजचं ते दुकान अरुंद होतं. भिंतीवर ढोल, खिळ्यांना लाल कोट टांगलेले, मागं मास्टरांचं घर. कुठूनतरी नानखलियाच्या मटणरश्श्याचा वास यायचा आणि माझ्या पोटात कावळे ओरडायचे. दादा दाराजवळच्या लोखंडी स्टुलावर हाताची घडी घालून बसायचे, घरून आणलेली पाण्याची बाटली पायाशी. पहिल्या दिवशी मास्टरांनी माझा ओठ बघितला आणि ही सूज बसेपर्यंत वाजवणं बंद म्हणून सांगितलं. "नुसतं ये आणि बस." दादांनी माझ्याकडं असं बघितलं की, बघ, सुरुवात झाली.

ओठ बरा झाल्यावर त्यांनी मला खालचा सा दिला. खालचा, हळू, इतका हळू की आतल्या खोलीतलं झोपलेलं लेकरू उठलं नाही पाहिजे. एक श्वास संपेपर्यंत तो एकच सूर. मग तेवढाच वेळ थांबायचं. त्या वेळात मास्टर चहा प्यायचे. मग परत तोच सूर. ओठांचे कोपरे घट्ट धरायचे, मधला भाग मोकळा ठेवायचा, बेंबीपासून हवा वर ढकलायची. "तोंडानं आ म्हण. आता ई म्हण. जीभ कुठं गेली? वर गेली ना. वरचा सूर तिथं आहे, हातात नाही." असे किती आठवडे गेले ते मला आता सांगता येणार नाही. वरचा म्हणून सूर त्यांनी मला दिलाच नाही. मी दमायच्या आत ते थांबवायचे. थोडी रंगात आले की हात वर. "बस. उद्या."

एक दिवस त्यांनी छताच्या कडीला सुतळी बांधून ट्रंपेट आडवं टांगलं आणि मला हात मागं बांधून ते वाजवायला सांगितलं. दाबायला गेलं की ते पुढं झोके घेत निघून जायचं. ओठ नुसता टेकवायचा आणि हवेवर सूर काढायचा. मी तोंड पुढं करून त्याच्या मागं मागं जात होते आणि दाराबाहेर दोन पोरं हसत उभी राहिली. दादा स्टुलावरून उठले. "माकडाचा खेळ लावलाय का माझ्या पोरीचा?" मास्टर म्हणाले, "गौतम, बाहेरची पोरं हाकल तेवढी." दादांनी पोरं हाकलली आणि परत येऊन बसले. पण बसमध्ये घरी जाताना सगळा रस्ता बोलत राहिले. तो तुला खालीच ठेवतोय. लक्षात येतंय का तुझ्या? इतक्या दिवसांत वरचा एक सूर नाय दिला.

आणि माझ्याही लक्षात यायला लागलं होतं. कारण माझा खालचा सा चालू असताना माडीवरून अस्लमचा रियाज ऐकू यायचा, आणि तो सगळा वरचा असायचा. टीप, टिपेच्या वर, कडक, चमचमीत. जिन्यावरून तो खाली यायचा तेव्हा मला बघून सलाम करायचा, पण त्याच्या नजरेत मला असं दिसायचं की हिच्या मनात काय आहे हे तो ताडून बघतोय. एक दिवस मी विचारलंच, "अस्लमभाईला वर वाजवू देता, मला का नाही?" मास्टर म्हणाले, "तो माझं ऐकत नाही. तू ऐकतेस." मला ते उत्तर पटलं नाही. ऐकणाऱ्याला कमी मिळावं हे कसलं शिकवणं? दादा स्टुलावर नुसते हसले.

मग मी तेच केलं जे आमच्या घरात कुणीही केलं असतं. एका दुपारी एकटीच तळ्याकाठी गेले, कुणी मागं नाही ना ते दोनदा बघितलं आणि मास्टरांनी मना केलेली टीप लावून पाहिली. दाबलं नाही. नुसतं कोपरे धरले, जीभ वर नेली आणि हवा सोडली. सूर आला. बारीक होता, सुईच्या टोकाएवढा, पण नेमका आणि स्वच्छ, आणि हलला नाही. मी इतकी दचकले की थांबले. ओठाला हात लावून पाहिला, वळ नव्हता. परत लावला, परत आला. हे मी मास्टरांना सांगितलं नाही, कारण त्यांनी आपल्याला काय दिलंय हे त्यांना माहीत आहे की नाही, याचीच मला खात्री नव्हती. दादांना सांगितलं नाही, कारण त्यांचा संशय खोटा ठरला असता आणि ते त्यातून नवा शोधून काढत बसले असते. आईला तेवढं कळलं असावं. तिनं त्या रात्री मला ठेचा वाढला आणि मी तो ओठ न चरचरता खाल्ला.

बँडसोबत मी पहिल्यांदा वाजवलं ते फुलंब्रीच्याच एका लग्नात, उन्हाळ्यात. मास्टरांनी मला दुसऱ्या ट्रंपेटला उभं केलं, अस्लमच्या मागं. दादांनी आधी नकार दिला, मग मीही येणार म्हणाले आणि टेम्पोत ढोलांच्या मधे अंग चोरून बसले. माझा कोट मोठा होता, बाह्या दुमडलेल्या. वरात शाळेपासून निघाली. ऊन असं की ट्रंपेटचं पितळ हाताला भाजत होतं. बायका घरांच्या ओट्यांवरून बघत होत्या आणि एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं, पोरगी हाय की ती." त्या वर्षी सगळीकडं वाजणारं एक गाणं नवरदेवाच्या दोस्तांनी परत परत मागितलं. मास्टर गळ्यात क्लॅरिनेट अडकवून, हातात काठी घेऊन पुढं चालत होते. ते मला अधूनमधून हातानं खूण करायचे: थांब. मी ट्रंपेट खाली घ्यायचे. अस्लम वाजवत राहायचा. रस्त्याच्या कडेनं दादा चालत होते आणि प्रत्येक वेळी मी थांबले की त्यांचा चेहरा आणखी काळा पडत होता.

मांडवाच्या दाराशी वरात थांबली. नाचणारे ऐकेनात. अस्लम टिपेला गेला, एकदा, परत, आणि परत. त्याची मान फुगली होती. ओठाभोवती पांढरं कडं दिसायला लागलं होतं. अजून तो वाजवू शकला असता, हे मी आज खात्रीनं सांगते. तेवढ्यात मास्टरांनी हात वर केला, त्याला थांबवलं आणि काठी माझ्याकडं केली.

मी दादांकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की त्यांना काय वाटतंय: भाच्याची टीप फाटायच्या आत ती पोरीच्या गळ्यात मारली, आता सगळ्या गावासमोर फजिती हिची होणार. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण ताशा चालू होता आणि जागा रिकामी होती. मी ट्रंपेट ओठाला टेकवलं. पहिला सूर बारीक निघाला, गर्दीत कुणाला ऐकूही गेला नसेल. मी दाबलं नाही. हवा वाढवली. सूर रुंद होत गेला, मग एकदम उघडला आणि मांडवाच्या कापडाला जाऊन लागला. दोस्त मंडळी परत नाचायला लागली. मी तिथं थांबले. खाली आले, परत गेले. ओठ शाबूत होता, कुठंही दुखत नव्हतं, आणि मला वाटलं की मी आता संध्याकाळपर्यंत इथं राहू शकते. त्याच वेळी मास्टरांनी हात वर केला. थांब.

मला रडूच आलं. पुढचं सगळं मास्टरांनी स्वतः क्लॅरिनेटवर सांभाळून घेतलं आणि वरात आत गेली.

बँडवाल्यांना सगळ्यांच्या शेवटी जेवायला वाढलं, टेम्पोशेजारी लिंबाखाली. वांग्याची भाजी, वरण, भात, बुंदी. दादा पंगतीत बसले नाहीत. ते मास्टरांसमोर जाऊन उभे राहिले.

"चांगलं वाजवत होती ती. का थांबवलं?"

मास्टरांनी घास खाली ठेवला. "चांगलं वाजवत होती म्हणूनच. आणखी चार वेळा गेली असती तर पाचव्यांदा दाबलं असतं तिनं. आणि एकदा दाबून सूर मिळाला की मग कुणीच दाबायचं सोडत नाही. तू सोडलंस?"

"मलाबी असंच थांबवलं होतं तुमी. भर रस्त्यात."

"हौ. थांबवलं."

"मी टिपेला होतो."

"तू टिपेला होतास आणि तुझा समोरचा दात हलत होता. मान वाकडी करून वाजवायचास, कुणाला कळू नये म्हणून. मी रोज बघत होतो. चार-सहा महिने आधीच थांबवायला पाहिजे होतं. मला उशीर झाला, गौतम."

दादांची जीभ वरच्या ओठाच्या आत, रिकाम्या जागेत फिरताना मला दिसली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "आन् भाचा?"

मास्टरांनी अस्लमकडं बघितलं. अस्लम मान खाली घालून बुंदी खात होता. "भाच्याला जागा पाहिजे होती," मास्टर म्हणाले. "बहिणीनं तगादा लावला होता. तेही खरं आहे. खोटं कशाला बोलू तुझ्यासमोर."

अस्लम ताट घेऊन उठला आणि नळाकडं गेला. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. दादा उभेच होते. इतक्या वर्षांत त्यांनी ज्या गोष्टीवर संशय घेतला होता तिच्यातली अर्धी खरी निघाली होती आणि अर्धी नाही, आणि कुठल्या अर्ध्याचं काय करायचं हे त्यांना समजत नव्हतं. शेवटी ते खाली बसले, मास्टरांपासून थोडं अंतर ठेवून. वाढप्यानं त्यांच्या पुढं पत्रावळ टाकली. दादांनी भात आधी बोटांनी उलथून बघितला आणि मग जेवले.

पुढं बरीच वर्षं मी त्या बँडमध्ये वाजवलं, मग शाळेत संगीत शिकवायला लागले, पडेगावला घर झालं. आता स्वतः फार वाजवत नाही; सकाळी थोडा खालचा सा, हळू, शेजारच्यांना कळणार नाही इतका. मास्टर गेले, दादाही गेले. अस्लम कधीमधी येतो. त्याचा ओठ लवकर गेला, तो आता ढोलाच्या मागं असतो आणि त्याबद्दल बोलत नाही.

त्या दिवशी फुलंब्रीहून परतताना टेम्पोनं आम्हा दोघांना हर्सूलला तळ्याजवळ उतरवलं आणि तो शहराकडं निघून गेला. ऊन कलत होतं. दादांनी ट्रंपेटची पिशवी माझ्याकडून घेतली, खांद्याला अडकवली आणि थोडं चालल्यावर म्हणाले, "टिपेच्या वर अजून कुठवर जाता येतं? मी कधी गेलो नाय."

"मला नाही माहीत."

"मास्टरला विचार उद्या."

"तुम्हीच विचारा की. तुम्ही बसलेलेच असता तिथं."

दादांनी मागं वळून रस्त्याकडं एकदा बघितलं, टेम्पो खरंच गेला ना याची खात्री केली.

"मी विचारलं तर तो अर्धंच सांगल," ते म्हणाले. "तुला पुरं सांगतो तो."